जुन्या कॅमेऱ्याची पारख

मुंबई सरकारानें १९२० सालीं शहरविकासाचें एक स्वतंत्र खातें स्थापन केलें आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत कामगारवर्गासाठीं चाळी बांधावयास घेतल्या. त्या खात्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना बीडीडी चाळी म्हणूं लागले. वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी या चार ठिकाणीं मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. त्यांपैकीं १२१ एकट्या वरळींत होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक इमारतींत ८० खोल्या, आणि खोलीचें क्षेत्रफळ अवघें १६० चौरस फूट. एवढ्या जागेंत तीन-तीन, चार-चार पिढ्यांचे संसार झाले. आतां तें पर्व संपत आलें आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या देण्यांत आल्या, आणि त्यांच्यामागून इतर कुटुंबेंहि टप्प्याटप्प्यानें नव्या घरांत जावयाचीं आहेत. जुन्या इमारती मात्र एकामागून एक जमीनदोस्त होणार आहेत.

अशा काळीं चाळींतील एखाद्या तरुणाच्या किंवा तरुणीच्या मनांत कॅमेरा घ्यावा असें येतें, तें केवळ हौस म्हणून नव्हे. जांबोरी मैदानावरील कबड्डीचे सामने, गणेशोत्सव, शेजाऱ्यांचीं लग्नें, बारशीं यांचें चित्रण करून चार पैसे मिळवितां येतात. शिवाय जो जिना, जी गॅलरी आणि जो सामाईक नळ उद्यां राहणार नाहीं, त्यांचें चित्र आज घेतलें नाहीं तर तें पुन्हां कधींहि घेतां येणार नाहीं. परंतु नव्या यंत्रांच्या किमती साधारण कुटुंबाच्या आटोक्याबाहेरच्या असतात, म्हणून जुन्या यंत्राकडे वळणें ओघानेंच येतें. येथें धोकाहि मोठा आहे. वर्षभर सांठविलेले पैसे एका बिघडलेल्या कॅमेऱ्यांत गेले म्हणजे नुसते पैसेच जातात असें नाहीं. पुष्कळदां तो धंदाच सुरू होण्यापूर्वीं बंद पडतो. म्हणून जुनें यंत्र कसें पारखावें याचें ज्ञान हें भांडवलाइतकेंच महत्त्वाचें आहे.

वापरलेलें यंत्र घेण्यांत कमीपणा मानण्याचें तर मुळींच कारण नाहीं. मुंबईच्या चलच्चित्रांचा आरंभच मोजक्या यंत्रांवर झालेला आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनीं लंडनहून २१ गिनींना एक कॅमेरा मागविला आणि १८९९ सालीं हँगिंग गार्डनमधील कुस्तीचें चित्रण केलें. पुढें त्यांनीं तो कॅमेरा विकला आणि तो करंदीकर, पाटणकर, दिवेकर या मंडळींच्या हातीं आला. कोल्हापुरास आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनीं प्रोजेक्टर मिळवून त्यावर यंत्राचा अभ्यास केला व स्वतःच कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ सालीं निवर्तले. परंतु बाबूरावांनीं दामले यांच्या साह्यानें १९१८ सालीं तो कॅमेरा पुरा केला. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून विल्यमसन जातीचा नवा कॅमेरा आणला खरा, पण तो येतांच त्यांनीं मोठ्या चित्रपटास हात घातला नाहीं. कुंडींतील वाटाण्याच्या दाण्याला अंकुर कसा फुटतो याचें एकेक चित्र दिवसेंदिवस घेऊन त्यांनीं यंत्राची, फिल्मची आणि स्वतःच्या हाताची परीक्षा केली. त्यानंतरच १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. यंत्रावर भरंवसा ठेवण्यापूर्वीं त्याची कसोटी घ्यावी, हा धडा जुनी वस्तु घेणाऱ्याला तर दुप्पट लागू आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, बाजारांत पाऊल टाकण्यापूर्वीं कोणतें काम करावयाचें हें ठरलें पाहिजे. मैदानावरील सामना टिपावयाचा असेल तर दूरचें जवळ आणणारें भिंग लागतें. सोळा बाय दहाच्या खोलींतील बारसें टिपावयाचें असेल तर रुंद दृश्य घेणारें आणि अंधुक उजेडांत चालणारें भिंग लागतें. तासभराचा समारंभ सलग चित्रित करावयाचा असेल तर न थांबतां, न तापतां चालणारा कॅमेरा लागतो. एकच यंत्र या तिन्ही कामांस सारखें उपयोगी पडत नाहीं. काम न ठरवितां गेलेला गिऱ्हाईक दुकानदार जें पुढें करील तें घेऊन येतो.

दुसरी गोष्ट पैशाच्या वांटणीची. सर्व रक्कम कॅमेऱ्यावर घालविणें ही नवशिक्याची नेहमींची चूक होय. समजा, हातांत साठ हजार रुपये आहेत. त्यांपैकीं तीस हजार कॅमेरा आणि भिंग यांना, पंधरा हजार संकलनाच्या जुन्या संगणकाला, नऊ हजार ध्वनिग्राहक, तिकाटणें, जादा बॅटरी व स्मृतिपत्रें यांना द्यावे, आणि उरलेले सहा हजार दुरुस्तीसाठीं बाजूस ठेवावे. जुन्या वस्तूच्या किमतींत दुरुस्तीचा खर्च धरलेला नसतो. तो घेणाऱ्यानेंच धरावयाचा असतो. आकडे प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणें बदलतील, परंतु प्रमाण साधारणतः असेंच राहावें.

मुंबईंत अशा वस्तु मिळण्याचीं ठिकाणें ठरलेलीं आहेत, आणि प्रत्येकाची रीत निराळी आहे. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या बोरा बाजारांत व फोर्टच्या आसपास कॅमेऱ्यांचीं दुकानें आहेत. तेथें किंमत थोडी चढ असते. पण पावती मिळते, चार भिंगें लावून पाहतां येतात, आणि तक्रार घेऊन परत जावयास एक पत्ता असतो. संगणक व त्याचे सुटे भाग यांसाठीं लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, प्रसिद्ध आहे. भेंडी बाजारालगतच्या चोर बाजारांत जुने फिल्मचे कॅमेरे, भिंगें आणि प्रोजेक्टर दृष्टीस पडतात. ज्याला वस्तूची पारख आहे त्यानेंच तेथें जावें, नवशिक्यानें नुसतें पाहून यावें. चौथा मार्ग म्हणजे खाजगी माणसाकडून घेणें. त्यांत वस्तु सर्वांत स्वस्त मिळते आणि जबाबदारी सर्वांत अधिक पडते.

आतां प्रत्यक्ष पारख. दुकानीं जातांना आपल्या बरोबर एक रिकामें स्मृतिपत्र, एक लहान विजेरी आणि शक्य तर लॅपटॉप न्यावा. कॅमेऱ्याच्या आंत एक यांत्रिक पडदा असतो. प्रत्येक छायाचित्राच्या वेळीं तो उघडतो व मिटतो. साध्या कॅमेऱ्यांत हा पडदा सुमारें एक लाख वेळां चालावा अशा बेतानें केलेला असतो, मध्यम प्रतीच्या कॅमेऱ्यांत दीड ते दोन लाख वेळां. एका लग्नांत दोन हजार छायाचित्रें निघालीं असें धरलें, तर एक लाखाचें आयुष्य पन्नास लग्नांत संपतें. आजवर पडदा किती वेळां चालला तो आकडा कांहीं कॅमेऱ्यांच्या चित्रांतच नोंदलेला असतो, तर कांहींचा आकडा विशेष प्रणालीनें काढावा लागतो. परंतु येथें एक मेख आहे. चलच्चित्र घेतांना हा पडदा प्रत्येक चित्रागणिक हलत नाहीं. म्हणून ज्या कॅमेऱ्यावर केवळ लग्नाचे व्हिडिओच काढले आहेत त्याचा आकडा लहान दिसतो, आणि प्रत्यक्षांत तो शेंकडों तास तापलेला असतो. कमी आकडा पाहून हुरळून जाऊं नये. पूर्वींच्या मालकानें त्यावर काय काम केलें हें विचारावें.

त्यानंतर चित्र ग्रहण करणारा फलक पाहावा. भिंगाचें छिद्र एफ १६ किंवा एफ २२ इतकें लहान करून पांढऱ्या भिंतीचें चित्र घ्यावें. फलकावर धूळ असल्यास काळे ठिपके उमटतात. धूळ साफ होते, परंतु ओरखडा जात नाहीं. मग भिंगावर झांकण घालून कांहीं सेकंदांचें चित्र घ्यावें. काळ्या पार्श्वभूमीवर लाल, निळे, पांढरे बिंदु चमकले तर फलकावरील कांहीं बिंदु निकामी झाले आहेत असें समजावें. सर्व कळा दाबून पाहाव्या, सर्व खांचांत तारा घालून पाहाव्या. ध्वनिग्राहकाची खांच बिघडली असेल तर व्हिडिओच्या दृष्टीनें तो कॅमेरा अर्धा निकामी होय. बॅटरीच्या खणांत हिरवट गंज आहे काय, स्क्रूंचीं डोकीं झिजलीं आहेत काय, हेंहि पाहावें. झिजलेला स्क्रू म्हणजे कॅमेरा पूर्वीं कोणीतरी उघडला होता याची साक्ष.

कॅमेऱ्यापेक्षां भिंगाला अधिक महत्त्व द्यावें. कॅमेऱ्याचें अंग चारपांच वर्षांत जुनाट ठरतें. चांगलें भिंग वीस वर्षेंहि काम देतें, आणि पुढें कॅमेरा बदलला तरी त्याच जोडणीच्या दुसऱ्या अंगावर चढतें. पन्नास मिलिमीटरचें, एफ १.८ छिद्राचें साधें भिंग जवळजवळ प्रत्येक कंपनी स्वस्तांत देते, आणि संध्याकाळच्या उजेडांत तें महागड्या कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या साध्या झूमपेक्षां सरस ठरतें. मात्र समुद्राच्या कांठच्या या शहरांत भिंगाचा एक मोठा शत्रु आहे, तो म्हणजे बुरशी. पावसाळ्यांतील दमट हवेंत कपाटांत बंद राहिलेल्या भिंगाच्या कांचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतु उगवतात. वरून कांच स्वच्छ दिसते. विजेरीचा झोत एका बाजूनें तिरपा टाकून दुसऱ्या बाजूनें पाहिलें म्हणजेच ते उघडे पडतात. आरंभींची बुरशी कुशल कारागीर साफ करूं शकतो. जुनी बुरशी कांचेवरील लेप खाऊन टाकते, आणि तेथें उपाय चालत नाहीं. स्वस्त भिंग अवश्य घ्यावें. बुरशीचें भिंग फुकट मिळालें तरी घेऊं नये.

व्हिडिओसाठीं आणखी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, सलग चित्रणाची मर्यादा. २००८ सालच्या कॅनन ५डी मार्क २ या कॅमेऱ्यानें छायाचित्राच्या कॅमेऱ्यावर पूर्ण एचडी चित्रण सुलभ केलें आणि त्याचें मोठें नांव झालें. पण त्यांत एक फाइल चार गिगाबाइट झाली, म्हणजे सुमारें बारा मिनिटें झालीं, कीं चित्रण थांबत असे. पुढच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत ही मर्यादा एकोणतीस मिनिटें एकोणसाठ सेकंद इतकी आहे. मंगलाष्टकें चालू असतां कॅमेरा आपोआप बंद पडला तर यजमानाला त्याचें कारण ऐकावयाचें नसतें. दुसरी गोष्ट विजेच्या दिव्यांची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. म्हणून सेकंदास २५ चित्रें आणि पडद्याची गति एक पन्नासांश सेकंद ठेवली म्हणजे ट्यूबलाइटचा लुकलुकाट चित्रांत येत नाहीं. परदेशांतून आलेल्या कांहीं कॅमेऱ्यांत केवळ तेथील ३० चित्रांचीच सोय असते. जपानच्या बाजारासाठीं बनविलेल्या कांहीं कॅमेऱ्यांवरील सूचना तर जपानी भाषेखेरीज दुसऱ्या भाषेंत येतच नाहींत. तिसरी गोष्ट म्हणजे उष्णता. दुकानांतच कॅमेरा अर्धा तास चालवून पाहावा. दुकानदार त्याला नाखूष असेल तर त्या नाखुषीचाच अर्थ लावावा.

स्मृतिपत्र आणि बॅटरी या दोन वस्तु मात्र जुन्या घेऊं नयेत. बाजारांत अशीं खोटीं स्मृतिपत्रें मिळतात, ज्यांवर १२८ गिगाबाइट असें छापलेलें असतें आणि आंत त्याच्या चौथा हिस्साहि जागा नसते. पत्र भरेपर्यंत सर्व ठीक दिसतें; पुढचें चित्रण नाहींसें होतें. म्हणून नवें पत्रहि एकदां पूर्ण भरून, परत वाचून मगच कामास लावावें. फुगलेली बॅटरी तर घरांतच आणूं नये.

संकलनाच्या संगणकाविषयीं लोकांचा गैरसमज मोठा आहे. चित्रपटगृहांत दाखवावयाच्या कामाला जें यंत्र लागतें तेंच बारशाच्या व्हिडिओला लागतें असें नव्हे. मोठमोठ्या कचेऱ्या तीनचार वर्षें वापरून काढून टाकतात ते डेस्कटॉप संगणक मजबूत असतात व स्वस्तांत मिळतात. मात्र विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली आहे, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना संगणक स्वस्त म्हणून घेणें शहाणपणाचें नाहीं. कार्यस्मृति सोळा गिगाबाइट असावी, आणि फिरत्या तबकडीऐवजीं एसएसडी असावी. तिचें उरलेलें आयुष्य शतमानांत दाखविणाऱ्या मोफत प्रणाली आहेत. तो आकडा पाहूनच सौदा करावा. अॅपलचा संगणक घेतांना पूर्वींच्या मालकानें आपलें खातें समोर बसून काढून टाकलें पाहिजे. नाहीं तर तें यंत्र कुलूपबंद पेटीसारखें होऊन बसतें.

संगणक थोडा मंद असला तरी एक युक्ति उपयोगी पडते. मूळ चित्रणाच्या लहान आकाराच्या प्रती प्रथम बनवाव्या, त्यांवर सर्व कापाकापी करावी, आणि शेवटची प्रत काढतांना मूळ चित्रण पुन्हां जोडून घ्यावें. दाविंची रिझॉल्व्ह या प्रणालीच्या मोफत आवृत्तींत, तसेंच केडेनलाइव्हसारख्या मुक्त प्रणालींत ही सोय आहे. त्यासाठीं चोरीची प्रणाली वापरण्याचें कारण नाहीं. जागेचा हिशेब मात्र आधींच करावा. सेकंदास १०० मेगाबिट या वेगानें घेतलेलें चित्रण तासाला ४५ गिगाबाइट जागा खातें. प्रत्येक कामाच्या दोन प्रती दोन निराळ्या तबकड्यांवर ठेवाव्या. जुनी तबकडी बंद पडण्यापूर्वीं पत्र पाठवीत नाहीं.

कागदपत्रांचा कंटाळा करूं नये. कॅमेऱ्याच्या तळावरील क्रमांक आणि मूळ पावतीवरील क्रमांक ताडून पाहावा. चोरीचा माल आहे असें ठाऊक असून किंवा तसें मानण्यास कारण असून तो घेणें हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खालीं गुन्हा आहे. बाजारभावाच्या निम्म्या किमतींत, पावतीशिवाय आणि घाईघाईनें विकला जाणारा कॅमेरा तसें कारण पुरवितो. खाजगी विक्रेत्याकडून नांव, पत्ता, तारीख, क्रमांक आणि रक्कम लिहून सही घ्यावी. न पाहिलेल्या वस्तूला आगाऊ पैसे देऊं नयेत. पैसे स्वीकारण्यासाठीं गुप्त क्रमांक कधींच टाकावा लागत नाहीं. तो मागितला गेला म्हणजे पैसे येत नसून जात आहेत, हें पक्कें ओळखावें.

घेतलेली वस्तु टिकविणें हाहि खरेदीचाच भाग आहे. वरळीची हवा खारट आणि पावसाळ्यांत ओली असते. महागडें कपाट घेण्याची गरज नाहीं; घट्ट झांकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यांत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखविणारें एक लहान यंत्र पुरेसें होतें. आर्द्रता शेंकडा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवावी. चामड्याच्या पिशवींत भिंग महिनोन्महिने ठेवूं नये. चामडें ओल धरून ठेवतें.

ज्यांना एकट्यानें हा भार पेलवत नाहीं त्यांना चाळीच्या जीवनानेंच एक मार्ग शिकविला आहे. उत्सवासाठीं मंडप, भांडीं, सतरंज्या जेथें सामाईक असतात, तेथें कॅमेराहि सामाईक असूं शकतो. तीनचार जणांनीं किंवा मंडळानें मिळून तो घ्यावा, एकानें जपावा, कोणीं कोणत्या दिवशीं नेला याची वहींत नोंद व्हावी, आणि प्रत्येक मिळकतीचा ठराविक हिस्सा दुरुस्तीच्या निधींत पडावा. वही नसेल तर सामाईक वस्तु कोणाचीच राहत नाहीं, हेंहि चाळीला ठाऊक आहे.

शेवटीं एका जुन्या यंत्राची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तें नवें मिळतच नाहीं. पुष्कळ घरांत १९८० नंतरच्या लग्नांच्या आणि उत्सवांच्या व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत. त्या वाचणारीं यंत्रें आतां कोणी बनवीत नाहीं. जपानच्या फुनाई कंपनीनें २०१६ च्या जुलै महिन्यांत व्हीसीआर बनविणें थांबविलें. चालू स्थितींतील एक जुना व्हीसीआर आणि त्याचें चित्र संगणकांत उतरवून घेणारी एक लहान जोडणी एवढ्या सामग्रीवर संपूर्ण चाळीच्या कॅसेटी वांचवितां येतील. कॅसेटच्या पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच यंत्रांत घालूं नये. यंत्राचें डोकें खराब होऊन पुढच्या कॅसेटीहि बिघडतात. आधीं ती जाणत्याकडून साफ करून घ्यावी. घर बदलतांना अडगळ म्हणून पहिल्या टाकल्या जाणाऱ्या वस्तूंत या कॅसेटी असतात. म्हणून हें काम सामान बांधण्यापूर्वींच झालें पाहिजे. नव्या घरांत मोठी भिंत असेल, मोठा पडदा असेल. त्यावर आजोबांना गॅलरींत उभे असलेले पाहावयाचें असेल, तर त्याची तजवीज जुन्या खोलींतच, जुन्या यंत्रावर करावी लागेल.